पडद्यावरचा काळा रंग

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली होती. भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पावसाचं काय निघतं, कापसाचं काय निघतं, याची चर्चा जळगाव जामोदच्या चहाच्या टपऱ्यांवर सुरू झाली होती. मामांच्या घराच्या वरच्या नव्या खोलीत मात्र मी, मामा आणि इलेक्ट्रिशियन असे तिघं माना वर करून स्लॅबकडे बघत उभे होतो. प्रोजेक्टर खोक्यातून निघून पलंगावर उशीला टेकून बसला होता. मामांना आयपीएलचे उरलेले सामने भिंतीएवढे पाहायचे होते.

"लावाले किती वेळ लागते?" मामांनी विचारलं.

"अर्धा घंटा, भाऊ," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

लागले तीन दिवस. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. दर वेळी अडलं ते खोलीपाशी, भिंतीपाशी, हवेपाशी. घरात सिनेमा लावायचा म्हटलं की लोक मॉडेल कोणतं, किंमत काय, इथून सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा. प्रोजेक्टर हे अर्धंच यंत्र असतं. उरलेलं अर्धं म्हणजे ज्या खोलीत तो लागतो ती खोली, आणि ती दुकानात मिळत नाही.

मामांना धीर धरवेना, म्हणून भर दुपारी प्रोजेक्टर एका स्टुलावर ठेवून सुरू केला. खिडकीला साधा सुती पडदा, चारही भिंती पांढऱ्या, छत पांढरं. समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं खरं. मामी दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे तं विटलेल्या लुगड्यावानी दिसून राह्यलं."

मामींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. टीव्ही बंद असतो तेव्हा त्याचा पडदा काळा असतो. प्रोजेक्टर बंद असतो तेव्हा त्याचा पडदा पांढरा असतो. टीव्ही काळ्यावर उजेडाची रांगोळी काढतो, प्रोजेक्टरला ती पांढऱ्या भिंतीवर काढायची असते. आणि काळा उजेड नावाची गोष्ट जगात नाही. सिनेमात अमावास्येची रात्र आली की प्रोजेक्टर त्या जागी उजेड टाकायचा थांबतो, एवढंच. मग त्या जागी उरतो तो खोलीत आधीपासून असलेला उजेड. खोली जेवढी काळी, तेवढीच पडद्यावरची रात्र काळी.

आकड्यात पाहू. 100 इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 100 इंच. रुंदी साधारण 7 फूट 3 इंच, उंची 4 फूट 1 इंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर 2,000 ल्युमेनचा प्रोजेक्टर पूर्ण पांढरं चित्र टाकतो तेव्हा दर चौरस मीटरला सुमारे 725 ल्युमेन पडतात, म्हणजे 725 लक्स. आता खोलीत एक ट्यूबलाइट चालू आहे आणि तिचा फक्त 50 लक्स उजेड पडद्यावर पोचतो असं धरा. पडद्यावरचा पांढरा झाला 775 आणि काळा झाला 50. दोघांत फरक जेमतेम 15 पटींचा. खोक्यावर मात्र 15,000:1 असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा मोजताना दुसरा उजेड नसतो, आणि तुमच्या खोलीत असतो. ट्यूब बंद करणं हा प्रोजेक्टरचं चित्र सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

त्यानंतरचा उपाय लोकांना पटत नाही. ट्यूब मालवली तरी पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटून परत पडद्यावरच येतो. सिनेमागृहाच्या भिंती गडद असतात त्या याचसाठी. मी म्हटलं, समोरची भिंत आणि छताचा पुढचा चार फुटांचा पट्टा गडद रंगवू, पण चकाकी नसलेला रंग घ्यायचा. "वास्तुशांतीले वर्ष नाही झालं अन् घराले काळं फासता?" मामींनी विचारलं. गडद निळ्यावर तडजोड झाली. सातपुड्याच्या बाजूला उघडणाऱ्या खिडकीला आतून प्लायवुडचं झाकण केलं, कडेला कापडाची पट्टी लावली. दार लावलं, झाकण बसवलं आणि स्वतःचा हात दिसेनासा झाला तेव्हा कुठे खोली तयार झाली.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना या काळोखाची किंमत माहीत होती, कारण त्यांच्याजवळ उजेडच थोडा होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' सुरू केली: काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाच्या वेडानं झपाटले तेव्हा त्यांनी मेणबत्तीचा उजेड भिंगावर घेऊन रिळातली चित्रं घरच्या भिंतीवर पाडून पाहिली. मराठी माणसाचं पहिलं होम थिएटर म्हणायचं तर मी त्याच भिंतीला म्हणेन. साध्या मेणबत्तीचा चहूबाजूंचा सगळा उजेड गोळा केला तरी तो बारा-तेरा ल्युमेन भरतो, आणि भिंगातून त्यातला थोडासाच पुढे जातो. तेवढ्यावर फाळके रात्र रात्र बसत. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं होतं. पुढे 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

बारा ल्युमेनवर फाळक्यांचं भागलं आणि आपल्याला 'नऊ हजार' लागतात, असं ऑनलाइन दुकानांतल्या जाहिराती सांगतात. डब्याएवढ्या, चार हजारांत मिळणाऱ्या प्रोजेक्टरवर छापलेला नऊ हजारांचा आकडा कशाचा असतो ते छापणाराच जाणे. पाहायचा तो आन्सी किंवा आयएसओ ल्युमेनचा आकडा. तो पडद्याचे नऊ भाग करून, प्रत्येकावर पडलेला उजेड मोजून काढलेला असतो. खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' लिहिलं असेल तर तो आकडा नाही असं समजून पुढे चला. तसंच '4के सपोर्टेड' या शब्दांचं. त्याचा अर्थ एवढाच की 4के चित्र आत घेतलं जाईल. बाहेर पडेल ते यंत्राच्या मूळ ठिपक्यांत, म्हणजे 'नेटिव्ह रिझोल्यूशन'मध्ये. ते 1920 गुणिले 1080 तरी असावं.

मग खरे ल्युमेन किती लागतात? सिनेमागृहाचा दंडक ढोबळमानानं असा आहे की पडद्याच्या दर चौरस फुटाला 14 ते 16 ल्युमेन पोचावेत. 100 इंची पडदा 30 चौरस फुटांचा, म्हणजे मिट्ट काळोखात 500 ल्युमेनसुद्धा पुरतात. पण दिवा वापरून मंदावतो, रंग खरे दिसणारा 'सिनेमा' मोड लावला की उजेड उतरतो, आवाज कमी करायला 'इको'वर टाकलं की आणखी उतरतो. म्हणून खोक्यावरचे 1,500 ते 2,500 आन्सी ल्युमेन घरासाठी योग्य. पडदा 100 वरून 150 इंचांवर नेला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि चित्र तितकंच मंद होतं, हेही लक्षात ठेवा. पाहुण्यांना मोठा पडदा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो.

आता झाकणाच्या आत डोकावू. मामांच्या प्रोजेक्टरमध्ये डीएलपी चिप आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत वीस लाख 73 हजार सहाशे आरसे. एका केसाच्या रुंदीत दहाएक आरसे मावावेत इतके ते बारीक, आणि प्रत्येक जण बिजागरीवर बसलेला. आरसा एका बाजूला कलला की उजेड भिंगातून पडद्यावर जातो, दुसऱ्या बाजूला कलला की आतल्या काळ्या पत्र्यावर विरतो. करडा रंग हवा असेल तर आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडे-तिकडे कलतो आणि आपला डोळा त्याची सरासरी काढतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये ही रचना शोधली. 2015 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्यांना तांत्रिक कामगिरीसाठी सुवर्णबाहुली दिली. एकाच चिपच्या यंत्रात लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक पडतात, म्हणून काही जणांना मान झटकन वळवली की उजळ वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्य चमकून गेल्यासारखं वाटतं. मामांना कधी दिसलं नाही, त्यांच्या नातवाला पहिल्याच मिनिटाला दिसलं. तुम्हाला दिसत असेल तर तीन एलसीडीचा प्रोजेक्टर घ्या. त्यात तिन्ही रंग एकाच वेळी तीन काचांमधून जाऊन लोलकात एकत्र होतात.

उजेड येतो कुठून हा वेगळा भाग. जुन्या पद्धतीच्या दिव्यात पाऱ्याची वाफ दोनशे वातावरणांच्या दाबाखाली पेटलेली असते. त्याचं आयुष्य तीन ते पाच हजार तास. लेसर किंवा एलईडीचं वीस हजार किंवा अधिक. रोज तीन तास धरले तर दिवा तीन-चार वर्षांत बदलावा लागेल, लेसर अठरा वर्षं चालेल. किंमत बघून दिव्याचा घेणाऱ्यानं दुसऱ्या दिव्याचे पैसे त्यात आजच मिळवून ठेवावेत.

आता अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. पडद्याची रुंदी गुणिले तो आकडा, की भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर आलं. 7 फूट 3 इंच रुंदीला 1.5 नं गुणलं की जवळजवळ 11 फूट. मामांची खोली 12 फुटी. प्रोजेक्टरची स्वतःची लांबी, मागची वायर, गरम हवा बाहेर पडायची जागा धरली तर खोली संपते. आमचं नशीब, त्यांच्या यंत्राचा आकडा 1.2 पासून सुरू होत होता. पावणेनऊ फुटांवर काम झालं. हे गणित खरेदीच्या आधी करायचं असतं, आम्ही नंतर केलं. बसायची जागा 100 इंची पडद्यापासून 10 ते 13 फूट. त्याहून जवळ बसलं की चेंडू दिसतो, फील्डिंग दिसत नाही.

पडदा म्हणून भिंतच का नाही, असं मामांनी विचारलं. मी त्यांना खालच्या जुन्या घरात नेलं. आमचा मुलूख काळ्या कापशी मातीचा. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेतलेली भिंत तिच्या तालावर हलते. त्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका तडा आहे. तो चैत्र-वैशाखात रुंदावतो, श्रावणात मिटल्यासारखा होतो. फलंदाजाच्या तोंडावरून असा तडा गेलेला कुणाला आवडेल? वरच्या खोलीत चौकटीवर ताणलेला, काळ्या मखमली काठाचा पडदा लावला. काळा काठ शोभेचा नाही. चित्राची कड इकडेतिकडे सांडली तर तो गिळून टाकतो, आणि त्याच्या शेजारी चित्रातला काळा रंग जास्त काळा भासतो.

टांगायची वेळ आली. तीन-चार किलोचं यंत्र डोक्यावर लटकवायचं, तेव्हा लाकडी गुल्ली नि खिळा नको; हॅमर ड्रिलनं भोक पाडून लोखंडी फास्टनरच हवा, आणि ब्रॅकेट सुटलंच तर यंत्र धरून ठेवणारी एक साखळीही. इलेक्ट्रिशियननं ड्रिल लावलं आणि दोन इंचांवर सळई लागली. "उलीसं मांगं घ्या लागते, भाऊ." उलीसं म्हणजे जरासं. पण मागे नाही तर डावीकडे गेलं आणि यंत्र पडद्याच्या मधोमध राहिलं नाही. इथेच बहुतेक घरांत चूक होते. यंत्र तिरकं करून चित्र पडद्यावर आणतात, मग चित्र सुपासारखं होतं, एका बाजूला रुंद नि दुसऱ्या बाजूला अरुंद. आणि रिमोटवरचं 'कीस्टोन' दाबून ते चौकोनी करतात. कीस्टोन चित्र सरळ करत नाही, ते कापतं. कडेचे ठिपके बंद करून उरलेल्यात चित्र दाटीनं बसवतं, त्यात धार जाते. 'लेन्स शिफ्ट' असेल तर गोष्ट वेगळी; त्यात भिंगच सरकतं, काही गमावत नाही. आमच्या यंत्रात ती सोय नव्हती, म्हणून भोक पुन्हा पाडलं. पहिलं भोक पुट्टीनं बुजवलं, ते अजून दिसतं.

दुसरी एक गंमत: छताला उलटा टांगलेला डीएलपी प्रोजेक्टर चित्र भिंगाच्या रेषेपासून खाली पाडतो. म्हणून भिंग पडद्याच्या वरच्या कडेच्या आसपास हवं, पडद्याच्या मधोमध नको. यंत्र पाणसळ लावून सपाट ठेवा, वर-खाली करायचं ते दांड्यानं करा.

दुसऱ्या दिवशीची दुपार केबलनं खाल्ली. बांधकामाच्या वेळी मिस्त्रीनं हौसेनं एक इंची पाइप भिंतीत टाकून ठेवला होता, पण त्याला वळणावर पाण्याच्या नळाचे काटकोनी एल्बो. एचडीएमआयच्या वायरचं डोकं पाऊण इंचाहून रुंद. ते पहिल्याच एल्बोत अडलं. साबणाचं पाणी झालं, खोबरेल तेल झालं, ओढणाऱ्या पोराच्या हाताला फोड आला. शेवटी नव्या रंगाच्या भिंतीला झिरी मारली. मामी त्या वेळी खोलीत आल्या नाहीत, ते बरं झालं. 15 मीटरची वायर पार पडली, सिमेंट भरलं, घोटलं, प्रोजेक्टर लावला. पडद्यावर निळ्या रंगात अक्षरं: 'नो सिग्नल'.

चूक माझी होती. चार-पाच मीटरपुढे साधी तांब्याची एचडीएमआय वायर 4के चित्र नेताना दमते, म्हणून मी प्रकाशतंतूची मागवली होती. अशा वायरीत एका टोकाला विजेचं प्रकाशात रूपांतर होतं, दुसऱ्या टोकाला प्रकाशाचं विजेत. ती एकाच दिशेनं चालते. एका डोक्यावर बारीक अक्षरात 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेलं असतं. ते मी चष्मा न लावता वाचलं होतं. ओलं सिमेंट खरवडून वायर उलटी काढली, फिरवून पुन्हा ओढली. इलेक्ट्रिशियन काही बोलला नाही. बिडी ओढायला गच्चीवर गेला आणि बऱ्याच वेळानं आला.

रात्री साडेसातला सामना सुरू झाला. चित्र असं की शेजारची पोरं जिन्यात बसली. थोड्याच वेळात, ऐन पॉवरप्लेनंतर, पडदा काळा झाला आणि यंत्रावर तांबडा दिवा लुकलुकायला लागला. तापमानाचा इशारा. घरगुती प्रोजेक्टर 35, फार तर 40 अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात. आमच्याकडे वैशाखात दुपारचा पारा 45 च्या घरात जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकतो, आणि खोलीतली सगळ्यात गरम हवा नेमकी छताला चिकटून असते. तिथेच आम्ही यंत्र नेऊन बसवलं होतं. ते बंद पडलं ही त्याची शहाणीव. नसतं पडलं तर जळलं असतं.

तिसऱ्या दिवशी दीड फुटाचा दांडा लावून ते खाली आणलं. वरच्या बाजूला गरम हवा ओढणारा एक्झॉस्ट पंखा बसवला. मेनूमध्ये 'हाय अल्टिट्यूड' नावाची सोय असते. उंच डोंगरावर हवा विरळ म्हणून आतला पंखा जोरात फिरवणारी. सातपुड्याच्या पायथ्याशी राहून आम्ही ती फक्त मे महिन्यात चालू करतो. पंख्याचा आवाज वाढतो, पण सामना पूर्ण होतो.

कूलरचा झोत मात्र प्रोजेक्टरवर चुकूनही नको. हा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्यांवर हंगाम संपेतो क्षाराची पांढरी पुटं चढतात, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याच पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यासोबत येतात, तापलेल्या काचेवर सुकतात आणि क्षार मागे ठेवून जातात. भिंगावर असा पडदा चढला की पुन्हा विटलेलं लुगडं. कूलर खिडकीत, प्रोजेक्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात.

पण आमच्या भागात प्रोजेक्टरचा खरा वैरी कापूस. दिवाळीनंतर वेचा घरी येतो, भाव वाढायची वाट बघत खोल्याच्या खोल्या पांढऱ्या होतात, आणि हवेत तंतू तरंगत राहतात. यंत्राचा पंखा ते ओढून घेतो आणि ते जाळीत अडकतात. जाळी तुंबली की आतली हवा अडते, हवा अडली की तापमान चढतं, पुन्हा तांबडा दिवा. एलसीडी यंत्रात एखादा तंतू काचेपाशी जाऊन बसला तर पडद्यावर धुरकट डाग कायमचा राहतो. एरवी तीन महिन्यांनी जाळी झटकली तर चालतं. वेच्याच्या दिवसांत पंधरवड्याला. हलक्या ब्रशनं किंवा छोट्या व्हॅक्यूमनं. पाणी नको, आणि तोंडानं फुंकर नको, थुंकीचे थेंब उडतात. काच पुसायची ती चष्म्याच्या कापडानं, यंत्र थंड असताना.

मामांचा बेत ऐकून मला घाम फुटला होता. "हंगामात कापूस इथीसाच टाकू. बाकी वर्षभर सिनेमा." त्यांना कसंबसं परावृत्त केलं. एक कबूल केलं पाहिजे: आवाजाच्या दृष्टीनं कापसानं भरलेल्या खोलीइतकी उत्तम खोली नाही. नव्या घरांत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतात, संवाद घुमतात. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर स्पीकर बदलून उपयोग नाही, भिंती झाका. गादीवाल्याकडून घरच्याच कापसाच्या दोन इंच जाडीच्या, घट्ट कापडात शिवलेल्या चार पातळ गाद्या करून घेतल्या आणि लाकडी चौकटीत भरून बाजूच्या भिंतींना टांगल्या, प्रोजेक्टरच्या गरम झोतापासून लांब. खाली सतरंजी. प्रोजेक्टरचा आतला स्पीकर विसरून जा. साउंडबार असो की पाच स्पीकर, ते वायरीनं जोडा. ब्लूटूथनं आवाज मागून येतो, आणि बॅट लागल्यावर 'टक' ऐकू यायला जो क्षण लागतो तो डोक्यात जातो.

विजेचं थोडक्यात. ओलिताच्या दिवसांत पंप सुरू-बंद होतात तसं व्होल्टेज खाली-वर होतं, आणि वीज जाते ती सांगून जात नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरला अचानक वीज जाणं सगळ्यात वाईट: बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटं पंखा फिरून दिवा निवायला हवा, तो फिरतच नाही. लेसरला याचा त्रास कमी. तरी छोटा यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा तर तो प्युअर साइन वेव्हचा हवा. अर्थिंग तपासून घ्या. प्रोजेक्टरच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर सिनेमा नंतर, इलेक्ट्रिशियन आधी. आणि लेसर असो की दिवा, चालू भिंगात डोकावू नका. घरात लहान मुलं असतील तर स्टुलावरचा प्रोजेक्टर टाळा.

चालवायला तसं फार काही नाही. पहिल्यांदा 'सीलिंग' निवडा, नाहीतर चित्र शीर्षासन करतं. दुकानात लावलेला 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' लावा. माणसांच्या चेहऱ्यावरची हिरवट झाक जाते. फोकस चित्राच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत अक्षरं बघून करा, आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर करा. सिनेमाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर तक्रार करू नका, तो सिनेमाच तेवढा रुंद काढलेला आहे. 'ताणून पूर्ण' करायचं बटण रिमोटवर असतं. त्यानं नायिका लांबट होते.

आणि हा सगळा खटाटोप नको असेल तर वैशाखातली गच्ची आहेच. आठ वाजता आपोआप काळोख, भिंती नाहीत म्हणजे उजेड परतायची भीती नाही, हवा मोकळी म्हणून यंत्र थंड. मांजरपाटाचं दुहेरी कापड दोन बांबूंमध्ये ताणा, खाली वजन बांधा, नाहीतर वाऱ्यानं सगळे नट डुलायला लागतात. कापडातून थोडा उजेड पलीकडे जातो. मागे बसलेल्यालाही सिनेमा दिसतो, फक्त डावखुरा. जत्रांतल्या तंबूंनी महाराष्ट्राला असाच सिनेमा दाखवला. त्या शेवटच्या तंबूंवरच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाला 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवलं गेलं. मामांच्या गच्चीवर मी एकदा हा प्रयोग केला. दहाव्या मिनिटाला झोतात इतके किडे आले की मामींनी जेवणाची ताटं खाली हलवली.

मामांच्या शेजारी आता एका घराचं प्लास्टर सुरू आहे. मालकानं परवा मला हाक मारून कोणता प्रोजेक्टर घेऊ म्हणून विचारलं. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: भिंतीला प्लास्टर चढायच्या आत दोन इंची पाइप टाका, वळणाला एल्बो नको, लांब बेंड वापरा, आत ओढायला एक तार सोडून दोन्ही तोंडं बोळ्यानं बंद करा, आणि छतात जिथे सळई नाही ती जागा खुणेनं लिहून ठेवा. प्रोजेक्टर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.